माखल्याशिवाय आत नाही

पणजोबांनी मालवाहू गाड्यांच्या अड्ड्यावर घोडे राखले. त्यांच्या मुलाने, म्हणजे आजोबांनी, जनावरांच्या दवाखान्यात कुत्री राखली. चाळीस वर्षांत त्यांना सतरा वेळा चावा बसला आणि एकदाही त्यांनी दोष कुत्र्याला दिला नाही. आजोबांच्या मुलाने, म्हणजे आप्पांनी, संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात उंदीर राखले. चौथ्या पिढीत मुलगा झाला नाही, मुलगी झाली, आणि बापाच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा तिने घेतला.

"पिढीगणिक जनावर लहान होत चाललंय," आप्पा म्हणत. "आणखी एक पिढी असती, तर तिने मुंग्या राखल्या असत्या."

आणखी एक पिढी नव्हती. मुलीने लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारण्याची छाती वेळेवर कुणाला झाली नाही, आणि आता ती बावन्न वर्षांची असल्यामुळे विचारण्यात अर्थ उरला नव्हता.

संस्थेत तिला सगळे कारभारीण म्हणत. हे नाव थोरल्या बाईंनी ठेवलेले. थोरल्या बाई म्हणजे ज्यांनी चौतीस वर्षांपूर्वी एका विचित्र प्राण्याची पहिली जोडी संस्थेत आणली त्या शास्त्रज्ञ. पुस्तकात त्या प्राण्याला नेकेड मोल रॅट म्हणतात. प्राणिगृहात त्यांना 'उघडे' एवढेच म्हणत. बोटाएवढा जीव, अंगावर केस नाहीत, कातडी उकडून सोलल्यासारखी गुलाबी आणि सुरकुतलेली, डोळे असून नसल्यासारखे, आणि ओठांच्या बाहेर आलेले चार दात. पहिल्यांदा पाहणारा तोंड फिरवतो. पण या रूपाच्या जीवाला कर्करोग क्वचितच होतो, आणि त्याच्या आकाराचा साधा उंदीर तीन वर्षांत संपतो तिथे हा तिशी ओलांडतो. त्यांच्यात विते एकटी राणी. बाकीच्या माद्या तिच्या पिल्लांच्या दाया, हमाल आणि पहारेकरी.

"मग आपल्या इथली राणी कोण?" नोकरीच्या पहिल्या वर्षी कारभारणीने विचारले होते.

"रताळ्यांच्या कपाटाची किल्ली जिच्याकडे ती," बाई म्हणाल्या होत्या. "म्हणजे तू. मी आपली हमाल."

उघड्यांची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. खिडकी नाही, बारा महिने तीस अंश ऊब, तांबडा मंद दिवा, आणि भिंतीभर पारदर्शक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या काचेच्या पेट्या. एक पेटी निजायची, एक खायची, एक संडासाची. संडासाच्या पेटीतल्या मातीत प्रत्येकजण लोळून अंग माखून घेई, आणि तो वास हीच त्या घराची ओळख. डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे वास जुळला तर आपला, न जुळला तर शत्रू. मग तो सख्खा भाऊ असो की जन्मदाती आई.

बाईंचा प्रश्न सोपा होता आणि त्याचे उत्तर मिळायला आयुष्य लागणार होते. माणूस, घोडा, कुत्रा, कुणीही घ्या. वय वाढते तशी पुढच्या वर्षी मरण्याची शक्यता वाढत जाते, आणि त्या वाढण्यालाच आपण म्हातारपण म्हणतो. उघड्यांत ती वाढत नाही असे दिसत होते. तीस वर्षांचा आणि तीन वर्षांचा, दोघांना मरण सारख्याच अंतरावर. हे खरोखर असेच आहे, की म्हातारपण आणखी पुढे कुठे दबा धरून बसले आहे, हे पाहण्यासाठी बाई दर मंगळवारी एकेकाला बाहेर काढून तोलत आणि वहीत लिहीत. बाहेर काढल्याची वेळ, वजन, आत सोडल्याची वेळ, आणि ज्याने हाताळले त्याची सही. अक्षर बाईंचे, हात कारभारणीचे. चौतीस वर्षांत एकही मंगळवार चुकला नव्हता.

दाराच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: माखल्याशिवाय आत नाही.

त्या पुठ्ठ्याचे मूळ एकतीस वर्षे जुने होते. आप्पा तेव्हा पांढऱ्या उंदरांच्या विभागातून नुकतेच इकडे आले होते. तिकडे पिंजरा जितका लख्ख तितकी शाबासकी. एका मंगळवारी तोलायला काढलेल्या अकरा जीवांची अंगे घाणीने बरबटलेली पाहून त्यांचे मन कळवळले. त्यांनी कोमट पाण्याने एकेकाला धुतले, मऊ फडक्याने टिपले, आणि न्हाऊ घातलेल्या बाळांसारखे आत सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरच्यांनी त्यातले नऊ फाडून टाकले. त्या नवांत राणी होती.

चौकशी बसली. आप्पांची नोकरी जाणार हे ठरल्यातच जमा होते. घरात अंथरुणाला खिळलेली बायको आणि एकवीस वर्षांची मुलगी. तेव्हा बाईंनी उभे राहून सांगितले, "धुवायला मी सांगितलं होतं." त्या वर्षी त्या विभागप्रमुख व्हायच्या होत्या. झाल्या नाहीत. पुढची सहा वर्षे त्यांच्या वह्या दुसऱ्याच्या नजरेखालून जात राहिल्या, आणि प्रमुखाची खुर्ची त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. आप्पांनी पाय धरायला वाकावे तर त्या मागे सरकल्या, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही असे बजावून पुठ्ठ्यावर ते वाक्य लिहू लागल्या. नवी राणी झाली ती पहिल्या वेतातली एक कामकरी मादी. तीच एकतीस वर्षे राज्य करीत होती.

किल्ल्या मुलीच्या हाती देताना आप्पांनी ही हकिकत तिला सांगितली. म्हणाले, "या जुडग्यात एक किल्ली दिसत नाही. तीही आता तुझ्याकडे."

बाई त्र्याहत्तर वर्षांच्या झाल्या. निवृत्तीनंतरही संस्थेने त्यांना मानद म्हणून ठेवून घेतले होते. गेल्या दोन वर्षांपासून मात्र त्या एकच गोष्ट दोनदा विचारू लागल्या. चष्मा लावून चष्मा शोधू लागल्या. कारभारणीने कुणाला कळू दिले नाही. रोज सकाळी ती बाईंच्या टेबलावरच्या पाटीवर वार आणि तारीख लिहून ठेवी. मंगळवारी दुपारी बाई घरी गेल्या, की पुन्हा सगळ्यांना काढून तोली आणि वहीतला आकडा पडताळून पाही. दोन वर्षांत तिला फक्त तीन आकडे दुरुस्त करावे लागले, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवून त्यांच्याच हाताने दुरुस्त करून घेतले. वही खरी होती. तिच्याबद्दल कारभारीण कुठेही शपथ घ्यायला तयार होती.

दुसऱ्या एका मोठ्या संस्थेने हे सगळे घर आणि चौतीस वर्षांच्या वह्या सांभाळायला घेण्याचे कबूल केले होते. इथली खोली बंद करायची हे तर वर ठरलेलेच होते. काम मात्र बाईंच्या नावाने पुढे चालणार होते. बाईंना आता दुसरे काही नको होते.

आणि त्या महिन्यात एका सोमवारी रात्री आप्पा न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले.

मंगळवारी पहाटे रुग्णालयातून कारभारणीने बाईंना फोन केला. मी दोन-तीन दिवस येऊ शकत नाही, तोलायचे काम मी येईपर्यंत थांबवा, असे तिने परोपरीने सांगितले. बाई म्हणाल्या, "मंगळवार चुकवायचा? चौतीस वर्षांत नाही चुकवला." खोलीची दुसरी किल्ली बाईंकडे होती. एखाद्याला पाठवून ती मागून घेता आली असती. पण ज्यांनी आपल्या बापाची नोकरी वाचवली त्यांच्या हातातून किल्ली काढून घेण्याचे तिच्या जिवावर आले. चूक कुठे झाली असे पुढे कुणी तिला विचारले असते, तर तिने ही जागा दाखवली असती.

शुक्रवारी सकाळी ती मागच्या दाराने खोलीत शिरली. उघड्यांचा आवाज एरवी बारीक, पाखरांसारखा. एकमेकांना हाका मारीत ते दिवसभर चिवचिवत असतात. आज तो आवाज चिरका होता आणि मध्येच तुटत होता. संडासाच्या पेटीत राणी मरून पडली होती. मानेवर, पोटावर, शेपटीवर चाव्यांच्या खुणा. तिच्या शेजारी तीन कामकरीही मेलेले.

बाईंच्या टेबलावर तोलायची लहान बादली होती. तिच्यात भुसा, आणि अर्धे कुरतडलेले, वाळून काळे पडलेले गाजर. कारभारणीने वही उघडली. मंगळवारचे पान, त्यावर एकच ओळ. राणी: बाहेर दहा चाळीस, वजन त्रेपन्न ग्रॅम. आत सोडल्याची जागा कोरी. सहीची जागा कोरी.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. समजायला काही उरले नव्हते. बाईंनी राणीला काढले, तोलले, बादली टेबलावर ठेवली, आणि विसरल्या. दोन दिवस राणी बादलीत होती. दोन दिवसांत तिच्या अंगचा घरचा वास उडाला आणि घरात रिकाम्या गादीसाठी माद्या एकमेकींना धक्के देऊ लागल्या. मग केव्हातरी, बहुधा गुरुवारी संध्याकाळी, बाईंना बादलीत ती दिसली असणार, आणि धांदलीत त्यांनी तिला तशीच आत सोडली असणार. ज्या दारावर स्वतःचे अक्षर टांगलेले, त्याच दारात.

दहा वाजता बाई आल्या. पेटीपाशी वाकल्या. बराच वेळ वाकूनच होत्या.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारले.

कारभारणीने त्यांच्या डोळ्यांत पाहिले. तिथे लपवाछपवी नव्हती. दुःख होते, राग होता, आणि मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस तिथे नव्हतेच.

"बघते बाई," ती म्हणाली.

पुढचे अठरा दिवस युद्ध चालले. माद्या नळीत समोरासमोर येत, दातात दात अडकवीत आणि एक मरेपर्यंत सोडीत नसत. ज्यांच्यावर सगळा हिशेब उभा होता ते तीस पार केलेले जुने जीव आधी गेले. त्यांना म्हातारपण आले नव्हते, त्यांना मारण्यात आले. कारभारणीने जखमी वेगळे काढले, औषध लावले, माखून माखून परत सोडले. उपयोग झाला नाही. अठ्ठ्याहत्तरांपैकी एकोणीस उरले, आणि त्या एकोणिसांत तिसावे वर्ष ओलांडलेला एकही नव्हता. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता कधीच मिळणार नव्हते. रोज सकाळी बाई येत, पेटीपाशी वाकत आणि नव्याने विचारीत, "कुणी केलं हे?" रोज त्यांना तो धक्का पहिल्यापासून बसे. मेलेली राणी त्या रोज नव्याने गमावीत होत्या.

संचालकांनी कारभारणीला बोलावून घेतले. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बसल्यापासून त्याला झोप कमी लागत असे एवढेच. त्याने सांगितले की सोमवारी त्या दुसऱ्या संस्थेचे दोन तपासनीस येणार. जनावरे तर गेली, प्रश्न आता वह्यांचा.

"मॅडमना हल्ली विसरायला होतं का?" त्याने टेबलावरच्या कागदांकडे बघत विचारले.

"माझा वाढदिवस त्यांना अजून पाठ आहे, साहेब. मलाच आठवत नाही."

तो हसला नाही. त्याने स्पष्ट सांगितले: चूक बाईंची निघाली, तर ज्या हाताने ही चूक केली त्याच हाताच्या चौतीस वर्षांच्या नोंदी कुणी घेणार नाही. वह्या रद्दीत जातील. चूक देखभालीतली निघाली, तर वह्या वाचतील. पण चूक करणाऱ्याला त्याच महिन्यात नोकरी सोडावी लागेल आणि राहण्याची जागाही. नियम त्याने केलेला नव्हता. एवढे बोलून त्याने प्रथमच वर पाहिले, आणि कारभारणीला वाटले की याला सगळे ठाऊक आहे.

राहण्याची जागा म्हणजे प्राणिगृहाच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्या. आप्पांची सत्तेचाळीस वर्षे तिथे गेली होती. उघड्यांच्या खोलीतली ऊब खेळती ठेवणारा पंखा त्या भिंतीपलीकडे रात्रंदिवस घरघरत असे, आणि त्या घरघरीशिवाय आप्पांना झोप लागत नसे. रुग्णालयातल्या आठवड्यात त्यांनी परिचारिकेला विचारले होते, "तुमच्याकडे काही घरघरणारं नाही का?"

संध्याकाळी तिने आप्पांच्या उशाशी बसून सगळे सांगितले. त्यांचा पाय वाळूच्या पिशव्यांत अडकवलेला. ते छताकडे पाहत ऐकत राहिले.

"नऊ," ते शेवटी म्हणाले. "माझ्या हातून नऊ गेले होते."

"माहीत आहे, आप्पा."

"बाईंच्या हातून एकोणसाठ. मोजले मी, तू सांगत होतीस तसे." त्यांनी मान वळवली. "आपण जायचं कुठे?"

"ते माझ्यावर सोडा."

"तुला काही ठरवायचं राहिलं नाही म्हणजे. मग मला विचारतेस कशाला?"

"तुमची झोप जाईल म्हणून."

"झोप," आप्पा म्हणाले, "एकतीस वर्षं उधारीवर घेतोय पोरी. दे परत."

त्या रात्री तिने मंगळवारच्या पानावरची कोरी जागा भरली. आत: गुरुवार, सहा पंधरा. पुढे स्वतःची सही. चौतीस वर्षांच्या वह्यांत खोटी अशी तेवढी एकच ओळ, आणि ती तिच्या हाताची. बाकीच्या सगळ्या खऱ्या ओळी वाचाव्यात म्हणून ती लिहायची होती.

सोमवारी संचालकांच्या खोलीत दोन तपासनीस आले. एक उंच बाई आणि एक बुटके गृहस्थ. संचालक मध्ये बसले. थोरल्या बाई खिडकीजवळ ताठ बसल्या होत्या, निळी इस्त्रीची साडी, केस चापून बांधलेले. ज्यांना माहीत नव्हते त्यांना त्या नेहमीच्याच दिसल्या असत्या.

कारभारणीने उभे राहून सांगितले. वडील रुग्णालयात होते तरी मंगळवारी मागच्या दाराने येऊन तोलण्याचे काम आपणच केले. मन थाऱ्यावर नव्हते. राणीला बादलीत ठेवून विसरलो. गुरुवारी लक्षात आले तेव्हा घाबरून तशीच आत सोडली. बाईंचा हात नेहमीप्रमाणे फक्त वहीवर होता.

"माखलं नाहीस?" थोरल्या बाईंनी विचारले.

"नाही, बाई."

"पुठ्ठा वाचता येत नाही तुला?"

"येतो, बाई."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या. एकतीस वर्षांपूर्वीचे ते त्यांना कालच्यापेक्षा स्पष्ट दिसत होते. "तुझ्या बापानेही हेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "धुऊन आत सोडलं. नऊ मारले. एवढा पुठ्ठा लावला, तरी तुम्ही ते तुम्हीच."

उंच तपासनीस बाईंनी समोरची जुनी फाइल चाळली आणि एका पानावर बोट ठेवले. "पण या चौकशीत तर मॅडम, तुम्ही स्वतः म्हणाला आहात की धुवायला तुम्ही सांगितलं होतं."

थोरल्या बाईंनी त्या बोटाकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. आपण असे म्हणालो होतो का, हे त्या शोधू लागल्या, आणि शोधताना त्यांच्या नजरेत जी भीती उतरली ती आणखी अर्धा मिनिट तशीच राहती, तर तिथे बसलेल्या सगळ्यांना वाचता आली असती. चौतीस वर्षे त्या अर्ध्या मिनिटावर टांगली होती.

"बाईंनी खोटं सांगितलं होतं," कारभारीण म्हणाली.

सगळ्यांची तोंडे तिच्याकडे वळली.

"चूक माझ्या वडिलांची होती. बाईंनी अंगावर घेतली, त्यांची नोकरी वाचावी म्हणून. वडील हयात आहेत. ते लिहून देतील. आत्ता बाईंना शरम वाटली म्हणून बोलल्या नाहीत."

बुटक्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मग दोघांनी लिहायला घेतले. या वेळचा दोष देखभाल करणारीचा; मागील दोषही प्रमुख संशोधिकेचा नव्हता, जुन्या अहवालात तशी दुरुस्ती व्हावी; वह्या विश्वसनीय, स्वीकारण्यास हरकत नाही. संचालकांनी कागद कारभारणीपुढे सरकवला तेव्हा त्यांनी पेनचे टोपण स्वतः काढून दिले.

बाहेर पडताना थोरल्या बाई तिच्याजवळून गेल्या. थांबल्या नाहीत. कारभारणीने वाटेतून बाजूला सरून दार धरले.

महिनाअखेरीस वह्या गाडीत चढल्या. उरलेले एकोणीस जीव घ्यायला कुणी तयार नव्हते. राणी नसलेल्या घराचा कुणाला काय उपयोग. त्यांचे काय करायचे ते संस्थेच्या पशुवैद्याने एका दुपारी केले, आणि कारभारणीने शेवटपर्यंत एकेकाला तळहातावर धरले. मग पुठ्ठा काढून फडक्यात गुंडाळला, किल्ल्यांचा जुडगा संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आली. दोन खोल्यांतले सामान दोऱ्यांनी बांधून ठेवलेले होते.

आप्पा जागे होते. भिंतीकडे तोंड करून.

"पंखा थांबला का?" त्यांनी विचारले.

"थांबला."

"मगाशीच कळलं." ते म्हणाले, "बाईंच्या वह्या?"

"गेल्या. घेतल्या त्यांनी. बाईंचं नाव आहे वर."

"आणि जुनं ते? माझं सांगितलंस?"

"सांगितलं. तुमचा कागदही जोडला. त्या वेळचा ठपका बाईंच्या नावावरून काढला."

आप्पांनी उजवा हात चादरीबाहेर काढला. ज्या हाताने कोमट पाणी ओतले होते तो हात त्यांनी जरा वेळ डोळ्यांसमोर धरला, आणि परत चादरीवर ठेवला.

"मग काही राहिलं का?"

"नाही, आप्पा. काही राहिलं नाही."